कोकणासारख्या दर्यावर्दी काल्पनिक राज्यात लढवय्या सरदारकन्येला गादी टिकवताना खरी अडचण कोणती येईल?

तलवार तिला येतेच, ती अडचण नाही. अडचण आरमाराच्या निष्ठेची. ताराबाईंचंच बघा. १७०० मध्ये त्यांचे पती राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी लहान मुलाच्या नावानं कारभार हाती घेऊन औरंगजेबाला जेरीस आणलं. केवढी हिंमत! पण आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांना १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी गादीचे दुसरे दावेदार शाहू यांच्याकडे वळवलं आणि ताराबाईंचा दर्यावरचा मोठा आधार तुटला. तुमच्या नायिकेचा सरखेलही (आरमाराचा प्रमुख) असाच फुटू द्या.

पावसाळाही वापरा. नारळी पौर्णिमेपर्यंत गलबतं किनाऱ्यावर ओढलेली, खलाशी घरी आणि भाऊबंद किल्ल्यात रिकामे बसलेले. कट शिजायला याहून चांगला काळ नाही. कान्होजींच्या मुलांतही भाऊबंदकीनं कुलाबा आणि विजयदुर्ग वेगळे झाले. पुढे १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी यांचा विजयदुर्ग पडला.

आणि पैसा. व्यापारी जहाजांना दस्तक, म्हणजे दर्यावर फिरायचा परवाना, कोण देतं, यावर दर्याची सत्ता ठरायची. नायिकेच्या चुलत्यानं स्वतःच्या शिक्क्याची दस्तकं विकायला घेतली, तर एकही तोफ न डागता तिचं राज्य पोखरलं जाईल. मी तर कथा तिथूनच सुरू केली असती.