राजदूत ३५० डाव्याच बाजूला परत परत सीज होतेय? पुन्हा बोर करायच्या आधी हे वाचा

मामांची ८६ ची एलटी (कमी ताकदीचं, लो टॉर्क मॉडेल), ऐरोलीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये कित्येक वर्षं झाकून ठेवलेली, चालू करून पाम बीचवर जरा ओढली तर डावा पिस्टन जाम, बोर करून (सिलिंडर आतून घासून मोठा करून) नवीन पिस्टन टाकला तरी परत तोच डावा, आणि आता गॅरेजवाला म्हणतोय पुढच्या साइझला बोर करू आणि पेट्रोलमध्ये ऑइल वाढवा. हेच लिहिलंय ना तुम्ही? मग आधी सिलिंडरचा ब्लॉक बोर करणं थांबवा. लेथवर गेला असेल तर आत्ता फोन करा, बाकीचं नंतर वाचा.

माझी ठाण्यातली ८४ ची एचटी (जास्त ताकदीचं, हाय टॉर्क मॉडेल), आजार सेम टू सेम. मी मेकॅनिक नाही, बँकेतली नोकरी आहे, तेव्हा जे लिहितोय ते स्वतःच्या जबाबदारीवर करा, पण या एका विषयात माझे इतके पैसे गेलेत की बोलायचा हक्क आहे असं मी समजतो. टू स्ट्रोक कशी चालते, कार्ब कसा साफ करायचा वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्ही केलेलंच दिसतंय.

तुमच्या फोटोत पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूनं ओरखडे आहेत, डावा प्लग पांढराफटक आणि उजवा ठीकठाक. ऑइल कमी पडलं असतं तर फक्त डाव्यालाच का पडेल? ऑटोलूब (इंजिनाला ऑइल देणारा पंप) काढून ऑइल मिसळलेलं पेट्रोल चालवताय ना, मग दोन्ही बाजूला तेच पेट्रोल जातंय. डावीकडे कुठूनतरी फुकटची हवा शिरतेय. या इंजिनात क्लच उजवीकडे आणि ठिणगीचे पॉइंट नि अल्टरनेटर डावीकडे. उजवा क्रँक सील (क्रँकच्या टोकाची रबरी रिंग) गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, धूर होतो, प्लग ओला होतो, शेजारी शिव्या देतात, म्हणजे लगेच कळतं. डावा सील गेला तर बाहेर कोरडी हवाच आहे, ती गुपचूप आत येते, मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि हायवेला सलग चौथा-पाचवा गिअर ओढला की पिस्टन चिकटतो. अॅक्सिलरेटर सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता लटकत राहतो का? राहत असेल तर माझी खात्रीच आहे.

आता माझं रडगाणं. एका नावाजलेल्या रिस्टोरेशनवाल्याकडे गाडी दिली होती, नाव घेत नाही, घेतलं तर अर्धे लोक त्याच्या बाजूनं भांडायला येतील. पहिल्यांदा सीज झाली तेव्हाच विचारलं की क्रँकचे सील बघितले का, तर उत्तर आलं, "साहेब, सील नवीन टाकलेत, कंपनीच्या पाकिटातले." केला बोर. परत सीज. मी म्हटलं लीक टेस्ट करा, लागतील ते पैसे देतो, तर म्हणे या गाड्यांना असलं काही लागत नाही, आम्ही आरडी (म्हणजे हीच राजदूत ३५०) लहानपणापासून करतोय. परत बोर. वर सल्ला काय, तर ऑइल वाढवा! ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या थेंबात पेट्रोल उलट कमी होतं, म्हणजे मिश्रण आणखी लीन, हे त्यांना कोण सांगणार. आणि दरवेळी डावं कव्हर उघडल्यावर रोटर आणि पॉइंट तेलकट असायचे, तेव्हा काय करायचे, तर पुसायचे, नवा कंडेन्सर टाकायचे आणि त्याचं वेगळं बिल लावायचे. ते तेल क्रँककेसमधून सीलच्या ओठावरून बाहेर येत होतं हो! शेवटी गाडी टेम्पोत घालून परत आणली, तर माझ्या जुन्या पिस्टनची आणि उतरवलेल्या ओरिजिनल रीड व्हॉल्व्हची (कार्बमागची एकाच दिशेनं उघडणारी झडप) चौकशी केल्यावर "भंगारात गेलं असेल".

सील उघडून बघितला तेव्हा खरा प्रकार कळला. पाकीट ओरिजिनल होतं, सील कधी वापरलेला नव्हता, पण तो एस्कॉर्ट्सच्या (ही गाडी बनवणारी कंपनी) काळातला. ही गाडी १९८३ ला आली आणि ८९ नंतर बनायची बंद झाली, म्हणजे ते रबर तीसेक वर्षं कुठल्यातरी दुकानाच्या फळीवर वाळत होतं. नखानं दाबलं तर ओठ पापडासारखा कडक. म्हणून माझं ठाम मत: गिअर, क्रँक, स्पीडोमीटर, रीड, हे जुन्या काळचा पण न वापरलेला माल म्हणून मिळालं तर डोळे झाकून घ्या, पण रबर कधीच नाही. सील आजच्या बनावटीचे घ्या, व्हिटनचे (पेट्रोल-उष्णता सोसणारं रबर) मिळाले तर उत्तम. कुणाला पटत नसेल तर ठीक आहे.

बोर वाचवायचा का, तर स्टँडर्ड ६४ मिमी, पुढे पाव-पाव मिमीच्या चारच पायऱ्या. त्या संपल्या की चांगला ब्लॉक शोधत फिरा आणि समोरचा सांगेल ती किंमत द्या.

लीक टेस्टला (इंजिनात हवा भरून ती कुठून गळते ते बघायला) काही मोठं लागत नाही. दोन्ही कार्ब काढून मॅनिफोल्डच्या रबरात बूच, दोन्ही सायलेन्सर काढून पोर्टवर ट्यूबचं रबर आणि लोखंडी पट्टी. दोन्ही बाजू बंद करायच्या, कारण या क्रँकचा मधला सील रबरी नाही, चरांचा आहे, तिथून हवा हळूहळू पलीकडे जातेच. ऑटोलूबच्या बारीक नळ्या जागेवर असतील तर त्याही बंद करा. उजवा प्लग घट्ट, डावा पिस्टन तळाला आणून डाव्या प्लगच्या भोकातून हवा. त्यासाठी जुन्या प्लगचं चिनी मातीचं काढून त्यात निपल बसवून घ्यायचं, लेथवाला करून देतो. आणि पंप? घरातलं जुनं, काट्याचं बीपीचं मशीन. त्याच्या काट्यावरचा ३०० (मिमी पारा) म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आपल्याला ५-६ च हवेत. २८० ला नेऊन सोडा. मिनिटाला ५० पेक्षा जास्त पडत असेल तर साबणाचं पाणी घेऊन डावा सील, ब्लॉकच्या खालचं पॅकिंग, रीडचं पॅकिंग, मॅनिफोल्डच्या भेगा, सगळीकडे लावा. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून बुडबुडे आले तर उजवा सील. टायरचा कॉम्प्रेसर लावू नका प्लीज, चांगला सीलसुद्धा उपटून निघेल. आणि दाबात पास झाली म्हणून नाचू नका, कडक झालेला सील दाबाखाली बसतो आणि ओढीला सोडतो, तेव्हा हाताच्या व्हॅक्युम पंपानं उलटंही बघा.

केस उघडायची झालीच (आडवी उघडते) तर दोन्ही सील एकदमच बदला आणि क्रँकचा रनआउट (फिरताना किती वाकडा जातो ते) मोजून घ्या. पॉइंट दोन्ही सिलिंडरचे वेगवेगळे, ठिणगी डायल गेजनं टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेच्या) २ मिमी आधी लावायची. नुसत्या अंदाजावर लावणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

शिवाय आताचं पेट्रोल. २० टक्के इथेनॉल म्हणजे त्याच जेटवर गाडी आणखी थोडी लीन, जुने रबर फुगतात, आणि आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत ते पाणी ओढून घेतं. आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट बाउल रिकामे करा. मेन जेट एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग बघत खाली या, प्लग बी८एचएस.

ऑटोलूब काढून टाकलाय ते मला आवडलेलं नाही. घोडबंदरला गायमुखच्या उतारावर अॅक्सिलरेटर बंद करून आरपीएममध्ये उतरलात तर पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. पंप असेल तर थोडं तरी जात राहतं. त्यातली हवा नीट काढा आणि परत लावा. ज्यांना काढायचाय त्यांनी काढावा, भांडण नको.

जाता जाता, कुणी "दुसरी केस टाकू" म्हणालं तर नाही म्हणा, इंजिन नंबर केसवर असतो आणि आरसीला तोच लागतो. आरसीची तारीखही बघून ठेवा, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यूअल असतं आणि इन्स्पेक्शनला गाडी चालू लागते. विंटेजची आशा आत्ता ठेवू नका, २०२१ च्या नियमात पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं लागतात, तुमची बसेल २०३६ ला, आणि विंटेज झाली की रोज फिरवता येत नाही ते वेगळंच.

टेस्ट केली की बुडबुडे कुठून आले त्याचा फोटो टाका. बीपीचं मशीन नसेल तर सांगा, माझं पडूनच आहे, ऐरोली काही लांब नाही.