११ जणांसाठी रहस्याची एस्केप रूम: बुकिंगआधी काय विचारायचं

एस्केप रूम म्हणजे एका खोलीत शिरून, कोडी सोडवत ठरलेल्या वेळात बाहेर पडायचा खेळ. ऑफिसचे ११ जण, निम्मे पहिल्यांदाच खेळणारे, हॉरर नको, हलकंफुलकं रहस्य चालेल आणि दोघींना बंद खोलीची भीती, असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं शेवटचं सगळ्यात आधी घेऊ.

फोन केल्यावर पहिला प्रश्न दाराचा विचारा: खेळ चालू असताना बाहेर पडायचं दार खरोखर बंद असतं का? चांगल्या ठिकाणी ते उघडंच असतं किंवा चुंबकी कुलूप असतं आणि आत सुटकेचं बटण असतं. चुंबकी कुलूप वीज असेपर्यंतच धरून राहतं. मात्र ते इन्व्हर्टरवर जोडलेलं असेल तर वीज जाऊनही उघडत नाही, म्हणून बटण हवंच. बाहेरून कडी घालत असतील तर ते ठिकाण बाद. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडमधल्या कोशालिन शहरात एस्केप रूमला आग लागली आणि आत अडकलेल्या ५ मुलींचा जीव गेला. दाराबद्दल विचारायला संकोच करू नका. काही खेळ बेड्या घालून किंवा डोळ्यांवर पट्टी बांधून सुरू होतात. त्या दोघींसाठी ते नको, हे बुकिंगलाच सांगून ठेवा.

आता माणसांची वाटणी. माझ्या मते थीमपेक्षा हीच जास्त महत्त्वाची. '२ ते ८ जण' असं लिहिलेलं असतं, पण ८ जण खोलीत मावतात म्हणून सगळ्यांच्या हाताला काम मिळतंच असं नाही. काही खोल्यांत कोडी एकामागून एक येतात: पहिलं कुलूप उघडल्याशिवाय दुसऱ्याचा क्लूच मिळत नाही. तिथे दोघं-तिघं डोकं लावतात आणि बाकीचे भिंतीला टेकून उभे राहतात. तीन खोल्या मिळत असतील तर ४-४-३ करा. दोनच असतील तर ६-५, पण मग 'एकाच वेळी तीन-चार कोडी सुरू करता येतात का?' हे विचारूनच पैसे भरा. आधी खेळलेले सगळे एका गटात टाकू नका. साहेबांना त्यांच्या थेट हाताखालच्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवलंत तर नवी मंडळी मोकळेपणाने बोलतील.

'मिस्ट्री' या नावाखाली बऱ्याचदा हॉररच निघतं. म्हणून नेमकं विचारा: पूर्ण अंधार असतो का, आत कुणी नट येतो का, अचानक मोठा आवाज होतो का, रांगावं लागतं का? साडी नेसलेल्यांना आणि गुडघेदुखीवाल्यांना शेवटचा प्रश्न फार उपयोगी. डिटेक्टिव्हचं ऑफिस, हरवलेलं मृत्युपत्र, संग्रहालयातली चोरी असे विषय तुमच्यासाठी ठीक. अवघडपणासाठी दिलेल्या चांदण्यांवर (स्टार) जाऊ नका, प्रत्येक ठिकाणाची मोजपट्टी वेगळी. पहिल्यांदा येणाऱ्यांपैकी निम्मे गट तरी वेळेत सुटतात का, हे विचारा. क्लू बहुतेक इंग्रजीत असतात, तेव्हा गटात झरझर वाचणारं एक जण असू द्या.

खेळ साधारण ६० मिनिटांचा असतो, पण सूचना आणि फोटो धरून दीड तास राखा. १५ मिनिटं आधी पोहोचा; मागे दुसरा स्लॉट असेल तर तुमचा उशीर तुमच्याच खेळातून कापला जाऊ शकतो. जेवण नंतरच ठेवा, कोण कुठे अडकलं हे सगळ्यांना सांगायचं असतं.

आत सापडलेली प्रत्येक वस्तू मोठ्याने सांगून एकाच टेबलावर ठेवायची. वेळ जातो तो इथेच: एकाच्या हातात कागद, दुसऱ्याच्या हातात कुलूप आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. वापरलेली किल्ली कुलपातच राहू द्या, सहसा ती पुन्हा लागत नाही. नंबर लॉक उघडलं नाही तर आकडे खुणेच्या रेषेवर नीट आलेत का ते बघा; कित्येकदा उत्तर बरोबर असतं, चाक अर्धवट फिरलेलं असतं. जोर मात्र लावू नका. एकाच कोड्यावर ५ मिनिटं गेली की गेम मास्टरकडे, म्हणजे खेळावर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या माणसाकडे, हिंट मागा. त्याआधी किती हिंट मिळतात आणि त्यासाठी वेळ कापतात का, हे सूचनांच्या वेळी विचारून घ्या.