एका घरात दोन टीव्ही

ताई,

पत्र मिळालं. बाकी वाचकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहता, वय एकसष्ट. यजमान कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मुलानं दिवाळीला मोठा स्मार्ट टीव्ही हॉलमध्ये लावून दिला आणि जुना बेडरूममध्ये गेला. तेव्हापासून सात वाजले की ते बाहेर बातम्यांच्या चर्चा लावून बसतात आणि तुम्ही आत मालिका. ताटंसुद्धा दोन खोल्यांत. ‘झाली का रडारड सुरू?’ एवढं एकच वाक्य संध्याकाळभरात कानावर पडतं. तुम्ही विचारलंय, इतके चॅनल, इतकी ॲप, रोजचे नवे भाग, त्यात आम्हा दोघांना मिळून बघता येईल असं काही आहे का? आणि लगेच पुढे लिहिलंय, ‘प्रश्न बालिश वाटला तर सोडून द्या.’

कसा सोडू? दिवसातले हक्काचे तीन तास नवरा-बायको भिंतीच्या दोन बाजूंना बसतात, यात बालिश काहीच नाही.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं एक लिहून गेलात: ‘आवाज इतका ठेवतात की शेजारच्या गॅलरीत ऐकू जातो. कमी करा म्हटलं तर म्हणतात, हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात.’ ताई, मला वाटतं तुमच्याकडे भांडण आवडीनिवडीचं कमी आणि कानाचं जास्त आहे.

वयानुसार ऐकणं कमी होतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ अशी अक्षरं पुसट होतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते लागत नाही. वर्षानुवर्षं मशिनींच्या गोंगाटात काम केलेल्यांना हे लवकर आणि जास्त होतं. आणि आपल्या मालिकांत तर प्रत्येक वाक्याखाली संगीत वाजत असतं. धक्का बसला की धडाम, डोळे भरले की बासरी. ज्याचे कान थकलेत त्याला त्या संगीतातून शब्द वेगळे काढणं फार जड जातं. मग तो ‘रडारड’ म्हणतो, कारण त्याच्यापर्यंत रडणं तेवढं पोहोचतं. बातम्यांच्या चर्चेत माणसं ओरडून बोलतात आणि खाली पट्टीवर विषय लिहून येतो. ते त्यांना समजतं. तुमच्याशी बोलणं कमी झालंय, त्यातही याचा वाटा असू शकतो. दरवेळी ‘काय म्हणालीस?’ विचारायचा कंटाळा आला की माणूस गप्प बसतो.

म्हणून पहिलं काम कान दाखवण्याचं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नाक-कान-घसा विभागात, नाहीतर तुमच्या ओळखीच्या डॉक्टरकडे जा. कधीकधी नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढला की काम होतं. नाहीतर ऑडिओमेट्री करतील. तिला घाबरण्यासारखं काही नाही. कानाला हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात आणि आला की खूण करायची. घरी सांगताना ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असं मात्र म्हणू नका. ‘दोघंही दाखवून येऊ’ म्हणा आणि खरंच स्वतःचेही कान तपासून घ्या. साठीनंतर ते चांगलंच.

आता बघायचं काय. मी नवेच भाग निवडायला सांगेन. जुन्या मालिका पुन्हा बघण्यात गोडी असते, पण त्यात जो-तो आपापल्या आठवणीत शिरतो. नव्या भागात पुढे काय होणार हे दोघांनाही ठाऊक नसतं. ‘आता हा काय करेल?’ असं विचारायला जागा राहते, आणि तुमच्याकडे नेमकी तीच हरवली आहे. दोघांनीही न पाहिलेला दोन वर्षांपूर्वीचा भागही तुमच्यासाठी नवाच.

सुरुवात प्रश्नमंजूषेनं करा. ‘कौन बनेगा करोडपती’चा हंगाम चालू असेल तर त्याहून चांगलं काही नाही. प्रश्न आणि चारही पर्याय पडद्यावर लिहून येतात, आणि बच्चन सावकाश, सुटं बोलतात. मुख्य म्हणजे उत्तर येण्याआधी आपण बोलतो. यजमान यंत्रांबद्दलचं सांगतील, पुराणातलं आणि स्वयंपाकातलं तुम्ही. 2019 मध्ये आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी त्यात एक कोटी जिंकले होते. शाळेत खिचडी शिजवणारी बाई त्या खुर्चीवर शांतपणे बसून उत्तरं देत होती. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

दुसरी जागा निसर्गाच्या माहितीपटांना द्या. सोनी बीबीसी अर्थ चॅनलवर ते लागतात, ॲपवरही मिळतात. एकच निवेदक, संथ आवाज, एकावेळी एकच माणूस बोलणार. ताडोबा-पेंचच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला वाघ कुठलाही दाखवा, तो ‘आपल्याकडे कसं असतं’ हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

तुम्ही लिहिलंय की लग्नाआधी लायब्ररीतून रहस्यकथा आणून वाचायचात. मग ‘सीआयडी’ का नको? 1998 ला सुरू झालेली ही मालिका 2018 ला थांबली आणि डिसेंबर 2024 मध्ये नव्या भागांसह परत आली. शिवाजी साटम आपलेच. गुन्हा सहसा एकदोन भागांत उलगडतो, त्यामुळे चार दिवस चुकले तरी अडत नाही. खऱ्या गुन्ह्यांवरचे कार्यक्रम मात्र रात्री लावू नका. घरात दोघंच असता. झोपताना दाराची कडी पुन्हापुन्हा तपासावी असं काही डोक्यात भरून घेऊ नये.

विनोदासाठी ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आहेच. प्रत्येक प्रहसन स्वतंत्र, मागचं-पुढचं लक्षात ठेवायला नको. आणि छोटी मालिका हवी असेल तर सोनी लिव्हवरची ‘गुल्लक’. हिंदी आहे, एका मध्यमवर्गीय कुटुंबाची. पहिल्या चारही हंगामांत पाच-पाचच भाग, प्रत्येक अर्ध्या तासाच्या आसपास. एक हंगाम आठवड्यात संपतो. यात सगळे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, तेव्हा खाली संवादांची अक्षरं (सबटायटल) लावूनच बघा. तशी ॲपवर काहीही बघताना अक्षरं लावायची सवय करा. ‘त्यांच्यासाठी’ लावतेय असं दाखवू नका, ‘मला चष्म्यातून वाचायला आवडतं’ म्हणा.

तुमच्या मालिका सोडा असं मी म्हणणार नाही. त्या तुमच्या आहेत. फक्त वेळ हलवा. अर्ध्या तासाच्या भागात गोष्ट जेमतेम वीस-बावीस मिनिटांची असते, बाकी जाहिराती. दर गुरुवारी रेटिंग, म्हणजे मालिका किती लोकांनी पाहिली त्याचा आकडा, येतो आणि तो बरा असला की कथानक लांबतं, लग्नाचा मंडप आठवडाभर उतरत नाही. म्हणजे रात्री आठ वाजता पाहिलंच पाहिजे असं त्यात फार थोडं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण असतं. ॲपवर बघायचं तर झी मराठीचं झी फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचं जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीचं सोनी लिव्हवर मिळतं. जेवण आटोपून दुपारी कूलरसमोर निवांत बघा. चुकवू नये असं एखादं वळण आलं तर त्या दिवशी हक्कानं आठ वाजता बसा आणि त्यांना तसं सांगा.

त्यांच्या चर्चाही पूर्ण बंद करायला जाऊ नका. सात ते आठ त्यांचे. साडेआठ ते साडेनऊ दोघांचे, हॉलमध्ये, ताटं दोन्ही तिथेच. सोमवारी ते निवडतील, मंगळवारी तुम्ही. ज्याची पाळी त्याचा रिमोट, आणि दुसऱ्यानं पहिली पंधरा मिनिटं शेरा मारायचा नाही. हा नियम तुम्हालाही लागू, कारण ‘यांना काय कळतं’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय.

पहिल्या दिवशी लांबलचक बोलणी करू नका. ताट वाढून हॉलमध्ये न्या आणि म्हणा, ‘अहो, आज मी इथंच बसते.’ ते कदाचित काही बोलणार नाहीत. बसून राहा.

एक शेवटचं. पातळ टीव्हींचे स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला असतात, म्हणून बोलणं भिंतीवर आपटून येतं. सेटिंगमध्ये आवाजाच्या भागात संवाद स्पष्ट करण्याची सोय बहुतेक वेळा असते, ती सुरू करून घ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर मुलाला छोटा साउंडबार, म्हणजे टीव्हीला जोडायचा स्पीकर, पाठवायला सांगा. मुलगा पुण्याहून येईपर्यंत सेटिंगसाठी खोळंबू नका. शेजारच्या कॉलेजातल्या पोराला हाक मारा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि ऑडिओमेट्रीत काय निघालं ते मला जरूर लिहा.