आधी कर्जाचा आकडा त्याला सांगा

तुमचं पत्र तीन पानी आहे आणि त्यात मुलाचं स्वतःचं म्हणणं फक्त अर्ध्या ओळीत येतं, तेही 'काहीतरी फिल्म स्कूलचं खूळ' म्हणून. बाकी सगळं तुमचं. तो बारावीत आहे, ८४ टक्क्यांच्या आसपास राहील, अमेरिकेत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जावं असं तुम्हा दोघांना वाटतं आणि त्यासाठी राहतं घर तारण ठेवायची तयारी झाली आहे. चिरंजीव मात्र रात्री उशिरापर्यंत झोंबीचे, म्हणजे चावून इतरांनाही आपल्यासारखं करणाऱ्या जिवंत प्रेतांचे, सिनेमे बघून त्यातल्या कथानकाच्या चुका वहीत उतरवत बसतात. ती वही तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलीत. पुरावा म्हणून तिच्या दोन पानांचे फोटो आणि परदेशी प्रवेशाच्या एजंटने करून दिलेला खर्चाचा तक्ता जोडलात. 'तुम्हीच त्याला चार शब्द सुनवा,' असं शेवटी लिहिलंत.

चार शब्द मला तुम्हालाच सुनवायचे आहेत, आणि तेही एकाच वाक्याबद्दल: 'कर्जाचा आकडा त्याला सांगितलेला नाही, अभ्यासावर परिणाम होईल.' त्याच्या आधीच्याच परिच्छेदात तुम्ही म्हणता की आम्ही घर पणाला लावतोय याची त्याला जाणीव नाही. अहो, जाणीव होणार कशी? आकडा लपवायचा आणि वर उपकारांची आठवण मात्र द्यायची, हे त्या पोराच्या डोक्यावर न दिसणारं ओझं ठेवणं आहे. शिवाय शैक्षणिक कर्जात मुख्य कर्जदार सहसा विद्यार्थीच असतो, तुम्ही सहकर्जदार. म्हणजे ज्याच्या सहीने कर्ज निघणार, त्यालाच रक्कम माहीत नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट मला ही वाटली. टक्के आणि सिनेमे त्यानंतर.

आता वही. मला स्वतःला झोंबीपट फारसे झेपत नाहीत, पण ही दोन पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. एक नोंद अशी: 'साथ सुरू होऊन दोन वर्षं झाली, तरी गाडी पहिल्याच चावीला सुरू. टाकीतलं पेट्रोल इतकं टिकत नाही. उपाय: सायकल. तिचा आवाजही होत नाही.' पुढची: 'शरीर कुजतंय तर स्नायू कशावर चालतात? सहा महिन्यांत सगळे आपोआप पडायला हवेत. मग गोष्ट पळण्याची राहत नाही, थांबून राहण्याची होते.' आणि खाली, चावा लपवून गटासोबत राहणाऱ्या पात्राबद्दल: 'ही चूक नाही. माणसं लपवतात.'

चुका काढणारे पुष्कळ असतात. तुमचा मुलगा प्रत्येक चुकीसमोर उपाय लिहितो, त्या उपायाने गोष्ट कुठे वळेल तेही लिहितो, आणि तर्कातली चूक वेगळी, माणसाचा मूर्खपणा वेगळा, हे त्याला कळतं. पटकथेवर काम करणारा संपादक हेच करतो. साथरोगांचं गणित मांडणाराही थोडंफार हेच करतो. गंमत म्हणजे २००९ साली कॅनडातल्या ओटावामधल्या गणितज्ञांनी झोंबीच्या साथीचं गणिती प्रारूप खरोखर मांडलं होतं: निरोगी किती, चावलेले किती, कोण कोणत्या वेगाने इकडचा तिकडे जातो. लवकर आणि जोरदार प्रतिकार केला तरच माणसं टिकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातल्या एका संशोधकाच्या आडनावातच प्रश्नचिन्ह आहे ('स्मिथ?' असं), हे ऐकून तुमचा मुलगा खूश होईल.

तेव्हा वही कपाटातून काढून त्याला परत द्या. कुलूप लावण्यासारखं त्यात काही नाही.

एजंटचा तक्ता मात्र भोकांनी भरलेला आहे. (विद्यापीठांकडून एजंटांना कमिशन मिळत असतं, हे विसरू नका.) फी चारही वर्षं तेवढीच धरली आहे. चलनाचा दर चारही वर्षं तोच. आपलं चलन दरवर्षी पाच टक्क्यांनी जरी घसरलं, तरी चौथ्या वर्षी तीच फी जवळजवळ सोळा टक्क्यांनी महाग पडते. आरोग्य विम्याची ओळच नाही. तिथली बहुतेक विद्यापीठं तो सक्तीचा करतात. हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होईल असं लिहिलंय ते बरोबर, पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. दरवर्षी सुरुवातीला पंचवीस असे चार वर्षांत शंभर उचलले आणि व्याज सरळ दहा टक्के धरलं, तर पदवी हातात येईपर्यंत ते सव्वाशे झालेले असतात.

सगळ्यात मोठा गैरसमज तक्त्याच्या तळाला आहे: 'राहण्या-जेवण्याचा खर्च: पार्ट-टाइम नोकरीतून.' हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक पालकाच्या तोंडून ऐकते. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेही विद्यापीठाच्या आवारात. पहिल्या वर्षी बाहेर नोकरीची परवानगीच नाही. आवारातली कामं मोजकी आणि उमेदवार ढीगभर. मुख्य म्हणजे पैशांचा प्रश्न तिथे पोहोचल्यावर सुटत नाही, तो निघण्याआधी सुटलेला दाखवावा लागतो. किमान पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची तरतूद दाखवल्याशिवाय विद्यापीठ व्हिसासाठी लागणारा आय-२० हा प्रवेशाचा दाखला देत नाही. जर्मनीत फी नसते म्हणतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांपुरतं ते खरंही आहे, पण तिथेही व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो सहसा आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात. पार्ट-टाइम नोकरीतून वरखर्च निघेल. त्यावर घर चालेल असं धरून घर गहाण टाकू नका.

सॅट, टोफेल वगैरेंची माहिती सगळीकडे मिळते, त्यावर मी वेळ घालवत नाही.

माझं मत विचाराल तर पदवीसाठी परदेश नकोच. तुमचं इंजिनिअरिंगही नको आणि त्याची परदेशी फिल्म स्कूलही नको, कारण दोन्हीकडे कर्ज तेच आणि अठराव्या वर्षी त्याला स्वतःला नेमकं काय हवंय ते अजून कोणी विचारलेलं नाही. इथेच संख्याशास्त्र, जीवशास्त्र किंवा साहित्य, ज्यात त्याचा जीव रमेल त्यात पदवी घेऊ दे. पदव्युत्तरला शिष्यवृत्तीची दारं जास्त असतात. युरोपच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीत फी भरावी लागत नाही आणि वर महिन्याला १,४०० युरो मिळतात. तिच्याखाली सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम आहेत आणि चित्रपटनिर्मितीचेही. निवड कठीण आहे, पण त्यात घर पणाला लागत नाही.

या आठवड्यात एक करा. विद्यापीठाची अनामत भरू नका. ती बऱ्याच ठिकाणी परत मिळत नाही. एजंटचा तक्ता, कर्जाची रक्कम आणि घराची किंमत तिघांनी एका टेबलावर मांडा, आणि त्यातल्या चुका काढायला मुलाला सांगा. तो बोलत असताना मध्ये बोलू नका. हे तुम्हाला जड जाईल, पत्रावरून दिसतंच आहे.

आणि त्यालाही माझा एक निरोप द्या. दुसऱ्याच्या गोष्टीतली भोकं बुजवणं हा निम्माच उद्योग झाला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांचा १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा झोंबीपट स्वामित्वहक्काची सूचना पडद्यावर टाकायची राहून गेल्यामुळे अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा झाला. उघडपणे बघता येतो. जाहिरातपट करणाऱ्या मंडळींनी हॉलिवूडपासून लांब, तुटपुंज्या पैशांत तो काढला होता. तो बघून त्याने स्वतःची दहा पानांची पटकथा लिहावी आणि मला पाठवावी. पानांना क्रमांक घालायला सांगा, म्हणजे कुठली चूक कुठे आहे ते मला लिहिता येईल.