इतकी संकटं टाकूनही माझा नायक मोठा का होत नाही?

तुम्ही विचारलंय की तुमच्या कादंबरीतल्या बारा वर्षांच्या मुलाचे वडील जातात, घर जातं, शाळा सुटते, तरी वाचणारे म्हणतात की शेवटच्या प्रकरणातही तो पहिल्यासारखाच वाटतो. असं का?

मी हीच चूक केलीय, म्हणून सांगतो. माझ्या पहिल्या कादंबरीत (छापली गेली नाही, बरंच झालं) मी दीडशे पानांत तीन माणसं मारली होती. मुलगा दर वेळी रडायचा, नदीकाठी जाऊन बसायचा आणि पुढच्या प्रकरणात पुन्हा कोरा करकरीत. एका मैत्रिणीने हस्तलिखित परत देताना एवढंच विचारलं, "या सगळ्यात हा करतो काय?" काहीच करत नव्हता. सगळं त्याच्या अंगावर कोसळत होतं, बस.

नुसत्या संकटाने मूल मोठं होत नाही, फार तर पोळतं. माझ्या मते ते मोठं होतं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मनात दडवून ठेवतं तेव्हा.

चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्सपेक्टेशन्स' (1860-61) ही कादंबरी घ्या. तिचा नायक पिप पोरका आहे, बहिणीच्या हातचा मार खातो. हाल पहिल्या पानापासून आहेतच. पण गोष्टीला खरा जीव येतो, तो पळालेल्या कैद्यासाठी घरातलं खाणं आणि कानस चोरतो तेव्हा. त्याहून बोचरा प्रसंग पुढे येतो. ज्याने त्याला जीव लावला तो बहिणीचा नवरा, लोहार ज्यो, लंडनला भेटायला येतो आणि पिपला त्याची लाज वाटते. ज्यो बिचारा बावचळून आपल्या पोराला 'सर' म्हणू लागतो. त्या खोलीत कुणी मेलेलं नाही, कुणी उपाशी नाही. पिपचं तर छान चाललंय. निरागसपणा जातो तो तिथे, आणि तो त्याच्याकडून कुणी हिसकावलेला नाही.

डिकन्सला हे कुठून कळलं असेल, याचा अंदाज त्याच्या लहानपणावरून येतो. 1824 मध्ये वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात लेबलं चिकटवायला लागला. पुढे त्यातून सुटका झाली, तेव्हा त्याने परत कामाला जावं असं आईचं म्हणणं होतं. हे तो कधीच विसरला नाही. कारखान्याबद्दल मात्र त्याने मुलांनाही सांगितलं नाही. जगाला कळलं ते त्याच्या मृत्यूनंतर, मित्राने लिहिलेल्या चरित्रातून. मला वाटतं त्याला कामापेक्षा आईचं ते म्हणणं जास्त लागलं.

मृत्यू दाखवूच नका, असं माझं म्हणणं नाही. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' चित्रपटात (1955) लहानग्या अपूची थोरली बहीण दुर्गा जाते तेव्हा आपण रडतो, पण अपू मोठा होतो ते नंतर. घर सोडायची आवराआवर चाललेली असताना त्याला तो हार सापडतो. दुर्गाने चोरल्याचा आळ आलेला आणि तिने नाकारलेला. अपू कुणाला हाक मारत नाही. जाऊन हार तळ्यात टाकतो. शेवाळ फाकतं, पुन्हा मिटतं. इतका वेळ धाकटा असलेला पोरगा त्या क्षणी बहिणीचा थोरला भाऊ होतो.

आणि मिलिंद बोकीलांच्या 'शाळा' कादंबरीत (2004) तर असं मोठं संकटही नाही. नववीतला मुकुंद, त्याला आवडणारी मुलगी, बाहेर आणीबाणी. तरी पुस्तक मिटताना काहीतरी कायमचं गेल्यासारखं वाटतं. तिथे मुकुंद त्याच वयात स्वतःच बोलतो, त्यामुळे बऱ्याच गोष्टी त्याच्याआधी आपल्याला कळतात. पिप मात्र मोठेपणी मागे वळून सांगतो, म्हणून त्याच्या वाक्यावाक्यात पश्चात्ताप आहे. तुमचा निवेदक कितव्या वर्षी बोलतोय हे आधी ठरवा. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात तो एका ओळीत बारा वर्षांचा आणि पुढच्या ओळीत चाळिशीतला वाटतो.

माझ्या कादंबरीचं मी काय केलं? तीनपैकी दोन मरणं काढली. (आजीचं ठेवलं, ती गेल्याशिवाय घर विकलं जात नव्हतं.) त्यांच्या जागी एक साधा प्रसंग आला. घेणेकरी दारात येतो, वडील आतल्या खोलीत दाराआड उभे, आणि आई सांगते, "ते घरी नाहीत." मुलगा हे ऐकतो. आठवड्याने तोच माणूस पुन्हा येतो. आई चुलीपाशी. मुलगा स्वतःहून दार उघडतो आणि कुणी न सांगता म्हणतो, "बाबा गावाला गेलेत. मंगळवारी येतील."

तो 'मंगळवार' लिहून झाल्यावर मला पुढची चाळीस पानं फाडावी लागली, कारण आता हा मुलगा नदीकाठी जाऊन बसणारा राहिला नव्हता.