दुसरा सब ठेवायचा कुठे?

दिवाळीची खरेदी जवळ आली की सबवूफरबद्दल (थोडक्यात सब, म्हणजे फक्त खोल आवाज, बेस, काढणारा स्पीकर) हेच प्रश्न येतात, म्हणून एकदमच उत्तरं देतो.

दुसरा सबवूफर त्याच मॉडेलचा हवा का? (कुपवाड)

शक्यतो हो.

महाग केबलने बेस सुधारतो का? (तासगाव)

नाही.

हॉल १५ बाय १२ फूट. मागच्या भिंतीलगतच्या सोफ्यावर बेस घुमतो, मधल्या खुर्चीत गायब. दुकानदार म्हणतात, दुसरा सब पहिल्याशेजारीच ठेवा, आवाज दुप्पट. (विश्रामबाग)

आवाज वाढेल आणि घुमणंही. दुकानदाराला खोका खपवायचाय, तुमच्या सोफ्याशी त्याला काय देणंघेणं? १५ फुटांच्या लांबीत साधारण ३८ हर्ट्झचा (सेकंदाला ३८ कंपनांचा) सूर अडकतो: दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी दणदणीत, मधोमध जवळजवळ शून्य. आपल्या विटांच्या भिंती आणि वर स्लॅब, त्यामुळे तो लवकर विरतही नाही. एक सब टीव्हीखाली भिंतीच्या मध्यावर ठेवा, दुसरा बरोबर समोर, सोफ्यामागे. सोफा थोडा पुढे ओढावा लागेल. घरच्यांशी आधी बोला. दोन्हींना एकच सिग्नल दिला की ते ३८ हर्ट्झला एकमेकांविरुद्ध रेटतात आणि तो उठतच नाही. रुंदीचा ४७ हर्ट्झही गप्प बसतो, कारण दोन्ही सब त्याच्या शून्यावर असतात. लांबीचाच ७५ हर्ट्झच्या आसपासचा सूर उरतो. त्याला चारही भिंतींच्या मध्यावर एकेक सब लागतो. हर्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये हे तपासलं होतं. चाराच्या पुढे फारसा फायदा नाही. पण तुमच्या हॉलला उघडा जिना किंवा मोठी खिडकी असेल तर हे गणित हलतं. एक दिवसासाठी सब मागून आणा, बसायच्या प्रत्येक जागी माइक ठेवून जाणकाराकडून मोजून घ्या, मगच पैसे मोजा.

रिसिव्हरचं ऑटो सेटिंग पुरेसं नाही का? (मिरज)

ते उंचवटा (जिथे एखादा सूर घुमतो) खाली आणतं, खड्डा (जिथे तो गायब होतो) भरत नाही. खड्ड्यात नुसती पॉवर ओतली तर सबच धापा टाकतो. आधी जागा, मग लेव्हल (प्रत्येक सबचा आवाज) आणि डिले (आवाज किती उशिरा सोडायचा), शेवटी हे ऑटो सेटिंग. डिले जमत नसेल तर माहितगाराला बोलवा.

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावू? (मिरज)

ट्रेमध्ये अंडीच ठेवा. ३८ हर्ट्झची लाट नऊ मीटरची, तिला दोन इंचांचा पुठ्ठा काय अडवणार?

घराचं प्लास्टर चालू आहे. वायरिंगचं नंतर बघितलं तर? (विटा)

गवंड्याला आजच थांबवा. चारही भिंतींच्या मध्यावर प्लग पॉइंट आणि सिग्नलसाठी वेगळा पाइप टाका. लाइटची वायर त्यात नको. नकाशा मापांसह घेऊन इलेक्ट्रिशियन आणि ऑडिओवाला, दोघांना एकाच वेळी साइटवर बोलवा.