तीस सेकंद थांबून काय होणार?

प्रश्न : ताई, मी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. कॉम्प्युटरचं थोडंफार जमतं म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडला आहे. त्यावर लिनक्स, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि आमचं खात्यांचं सॉफ्टवेअर आहे. एरवी सर्व्हर चालू केला की सगळं आपोआप उठतं. पण दुपारी लाइट जाऊन यूपीएसही संपला, तर लाइट आल्यावर सॉफ्टवेअर 'डेटाबेसशी संपर्क नाही' म्हणून अडून बसतं आणि पिग्मी एजंट काउंटरवर ताटकळतात. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या मुलाने सुरुवातीला ३० सेकंद थांबायची ओळ टाकली होती. आता ती दोन मिनिटांची करू म्हणतो. करावी का? आणि डेटाबेसचा पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, तपासला तर उघडा दिसतो, मग अडतं कुठे?

उत्तर : नका करू. लाइट गेलेली नसते तेव्हा ३० सेकंदही जास्तच होतात, आणि गेलेली असते तेव्हा दोन मिनिटं पुरतीलच असं कुणीही सांगू शकत नाही. मुलाला बोल लावू नका, ही 'स्लीप'ची ओळ भल्याभल्यांच्या स्क्रिप्टमध्ये सापडते.

सर्व्हर नीट बंद केला की पोस्टग्रेस हातातलं काम फाइलींमध्ये उतरवून मगच थांबतो. म्हणून पुढच्या वेळी झटक्यात उठतो. लाइट गेल्यावर ती उसंत मिळत नाही. पण प्रत्येक बदल आधी त्याच्या 'वॉल' नावाच्या नोंदींमध्ये गेलेला असतो. उठल्यावर तो शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे तोवरचे बदल फाइलींमध्ये पक्के झाले होते तिथून, त्या नोंदी वाचत जातो आणि राहिलेले बदल फाइलींवर चढवतो. चेकपॉइंट मूळ सेटिंगप्रमाणे दर ५ मिनिटांनी होतो, नोंदी फार वाढल्या तर त्याआधीही. त्यामुळे निवांत दुपारी लाइट गेली तर वाचायला थोडंच असतं. सगळ्या खात्यांना व्याज लावत असताना गेली तर बरंच. शिवाय वाचायला बसण्याआधी तो डेटा फोल्डरमधली झाडून सगळ्या फाइली डिस्कवर पक्की करून घेतो. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर इथेच वेळ जातो.

या सगळ्या वेळात ५४३२ हा पोर्ट उघडाच असतो! पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस तो आल्या आल्या उघडते आणि येईल त्याला 'द डेटाबेस सिस्टम इज स्टार्टिंग अप' म्हणून परत पाठवते. तुमच्याच भाषेत सांगायचं तर शटर वर गेलंय, पण कॅशियर अजून रोकड मोजतोय. म्हणून पोर्ट बघू नका, पोस्टग्रेसलाच विचारा. त्यासाठी 'पीजी_इजरेडी' ही कमांड त्याच्याबरोबरच येते. तिचं उत्तर ० आलं तर तयार, १ म्हणजे उठलाय पण आत घेत नाही, २ म्हणजे कुणी ओ देत नाही. तिला पासवर्ड लागत नाही, त्यामुळे तुमचा डेटाबेस, तुमचा युजर ठीक आहे का हे ती सांगत नाही. ते हवं असेल तर सॉफ्टवेअरच्याच युजरने 'सिलेक्ट १' ही छोटीशी क्वेरी चालवून बघायची.

'स्लीप'च्या जागी ० येईपर्यंत सेकंदा-सेकंदाने विचारणारी दोन ओळींची स्क्रिप्ट टाका. फक्त एक पाहा : सिस्टम-डी (लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) कुठल्याही सर्व्हिसला उठायला साधारणपणे ९० सेकंद देतो, नाहीतर मारून टाकतो. ही वाट बघणारी स्क्रिप्टही त्याच मुदतीत धरली जाते, तेव्हा सॉफ्टवेअरच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टम-डीला सांगणारी फाइल) 'टाइमआउट-स्टार्ट-सेक' वाढवा. पोस्टग्रेसच्या युनिटमध्येही तेच बघा. नोंदी वाचत बसलेल्या पोस्टग्रेसला मध्येच मारलं तर पुढच्या वेळी तो पुन्हा पहिल्यापासून वाचतो. त्याच्या मॅन्युअलमध्ये तर ही मुदत 'इन्फिनिटी'च ठेवा असं सुचवलंय.

सॉफ्टवेअरच्या युनिटमध्ये 'आफ्टर', म्हणजे 'पोस्टग्रेसनंतर सुरू हो', असं लिहिलंय, मग क्रम का पाळला जात नाही, असं तो मुलगा विचारेल. 'आफ्टर' फक्त 'सुरू झाला' एवढंच बघतो. पोस्टग्रेसचं युनिट 'टाइप=सिंपल' असेल तर प्रोसेस जन्मली की झालं सुरू. 'टाइप=नोटिफाय' असेल तर पोस्टग्रेस स्वतः 'रेडी' कळवेपर्यंत सिस्टम-डी थांबतो. ही सोय पोस्टग्रेस ९.६ पासून आहे, मात्र तो सिस्टम-डीच्या सपोर्टसह बनवलेला हवा. तसा असेल तर वेगळ्या स्क्रिप्टची गरजच नाही.

आणि माझं खरं म्हणणं त्या मुलाला कळवा : संपर्क तुटला तर सॉफ्टवेअरनेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला हवा. पोस्टग्रेस भर दुपारी, लाइट न जाताही, रिस्टार्ट होऊ शकतो आणि तेव्हा सुरुवातीची कुठलीच स्क्रिप्ट कामाला येत नाही. तोवर सॉफ्टवेअरच्या युनिटमध्ये 'रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर' (एरर येऊन बंद पडलं तर पुन्हा उठव) टाका, पण सोबत 'रिस्टार्ट-सेक=५' (५ सेकंद थांबून) हवंच. नाहीतर सिस्टम-डी सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा उठवतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा उठवून झालं की नाद सोडतो.

यूपीएसला यूएसबी केबल असेल तर ती सर्व्हरला जोडा. बॅटरी संपत आली की सर्व्हर आपणहून नीट बंद होईल अशी सोय लिनक्सवर फुकट आहे. आणि एजंट कितीही ओरडले तरी 'अजून उठत नाही' म्हणून बटण दाबून सर्व्हर पुन्हा बंद करू नका. आधी पोस्टग्रेस काय करतोय ते लिहिलेली लॉग फाइल उघडा. 'डेटाबेस सिस्टम इज रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स' ही ओळ आली नसेल, तर बहुतेक त्याचं काम चालू आहे.